पाऊण तागा

शिक्षण खात्याच्या तपासनीस बाईंनी पाण्याचा पेला बाजूला सारला, तेव्हाच आईचं धाबं दणाणलं. गेल्या वर्षी त्या दहा मिनिटांत सही ठोकून गेल्या होत्या. आज अर्धा तास झाला तरी गणिताच्या वहीतून त्यांचं डोकं वर येत नव्हतं.

खोली एकच होती. खिडकीकडे शिलाई मशीन आणि भिंतीकडे शाळा. शाळा म्हणजे एक टेबल, एक फळा आणि सातवीची पुस्तकं. बारा वर्षांची चिमी टेबलाशी हाताची घडी घालून बसली होती.

पाचवीत असताना चिमीने वर्गात बोलणंच बंद केलं होतं. ती अडखळत बोलायची, मुलं नक्कल करायची, आणि एकदा तर मास्तरांनाच हसू आवरलं नाही. त्यानंतर शाळेचं नाव काढलं की पोरगी थरथरायची. आईने तडकाफडकी परवानगी काढली आणि तिला घरी शिकवायला घेतलं. लोकांनी वेड्यात काढलं. स्वतः सातवीत शाळा सोडलेली शिवणवाली, ती काय कपाळ शिकवणार!

आईनेही मनावर घेतलं. भाषा, इतिहास ती आदल्या दिवशी वाचून ठेवी. गणितापुढे मात्र तिने हात टेकले होते. त्यासाठी तिने रद्दीतून एक जुनं उत्तरांचं पुस्तक मिळवलं आणि मशीनच्या खणात कुलपात ठेवलं. चिमीची वही आणि ते पुस्तक शेजारी शेजारी ठेवायचं. आकडा जुळला की लाल पेन्सिलीने बरोबरची खूण, नाही जुळला की फुली.

सहावीच्या सुरुवातीला एकदाच खटका उडाला होता. आईने फुली मारली आणि चिमी हटून बसली. "माझं ब-बरोबर आहे." दोघीही इरेला पेटल्या. शेवटी आई मशीनवर डोकं टेकून रडली. "मला नाही झेपत गं हे. उद्यापासून जा शाळेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमीने तेच गणित पुन्हा सोडवून आणलं. "चूक माझीच होती, आई." त्यानंतर वहीत एकही फुली पडली नाही. आई येईल त्या गिऱ्हाइकाला ती वही दाखवायची.

"हे गणित जरा वाचा," तपासनीस बाई म्हणाल्या.

आईने वाचलं. "एका ताग्याचा पाऊण भाग चोपन्न मीटर आहे, तर अख्खा तागा किती मीटर?"

"आणि उत्तर काय लिहिलंय?"

"सत्तावीस."

"ताई, तुम्ही रोज कापड कापता. सत्तावीस मीटरच्या ताग्यातून चोपन्न मीटर कापड निघतं?"

आईचे कान तापले. शेजारी तिचीच लाल खूण होती. प्रश्न तिने कधी वाचलाच नव्हता.

"बहात्तर हवं. एका जुन्या उत्तरपुस्तकात हे आकडे उलटे छापलेत. सातवीच्या भागात अशा पाच चुका आहेत, आणि तुमच्या मुलीच्या वहीत पाचच्या पाच उतरल्यात." बाईंनी आवाज खाली आणला. "पुस्तक कुठे असतं?"

"कुलपात."

"आणि किल्ली?"

आईने भिंतीकडे पाहिलं. मोजपट्टीच्या खिळ्यालाच किल्ली लटकत होती.

बाई चिमीकडे वळल्या. "उत्तरं बघून लिहितेस, बाळ?"

चिमीने आईकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "ह-हो."

"बरं, हे एक माझ्यासमोर सोडवून दाखव."

चिमीने पेन्सिल हातात घेतली. कागदावर टेकवली. आणि तशीच बसून राहिली.

"म-मला गणित येत नाही."

बाईंनी वही मिटली. "माझाही नाइलाज आहे, ताई. सोमवारपासून तिला शाळेत पाठवा. संध्याकाळी मी तसा अहवाल देते."

त्या गेल्या आणि आईचा बांध फुटला. "वर्षभर माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस? तुझ्यासाठी जगाशी भांडले मी, चिमे!"

चिमीने कपाटावरचं जुनं दप्तर काढलं, फडक्याने पुसलं आणि फडकं धुऊन वाळत घालायला बाहेर गेली.

आईने टेबलाखालचं खोकं ओढलं. त्यात कपडे बेतायचे जुने कागद होते. त्यांच्या पाठीवर चिमी कच्चं काम करायची. आईने ते कधी उलटून पाहिले नव्हते, उत्तर तर वहीतच असायचं. संतापाच्या भरात ती ते एकेक करून फाडत सुटली.

बाहीच्या आकाराचा एक कागद फाडता फाडता तिचा हात थांबला. पाठीवर ताग्याचं गणित होतं. पायरीखाली पायरी, कुठेही खाडाखोड नाही. अगदी खाली, चिमीच्या बारीक अक्षरात, दोन ओळी होत्या.

"माझं उत्तर ७२. आईचं उत्तर २७.

वहीत आईचंच लिहायचं."