आर्वीच्या बसमधून उतरलेली बकरी

“साक्ष कोण देते आज?” पास्टर आदेशनं विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

पण आता उपयोग नव्हता. सतरंजीवर सगळ्यांत पुढे बसलेली जयवंताबाई गुडघ्यावर हात टेकून उठलीसुद्धा. मागे बसलेल्या तिच्या सुनेनं, मोहिनीनं, कपाळाला हात लावला. उपासनेआधीच तिनं पास्टरला बाजूला घेऊन विनवलं होतं, “आज आईले उभं नका करू. त्याईले काही आठवत नाई आता. काल मलेच विचारून राह्यल्या होत्या, तू कोनाची वं म्हनून.” पास्टरनं मान डोलावली होती. पण आभाराच्या उपासनेत साक्ष मागायची, देवानं केलेलं भलं कुणाकडून तरी चारचौघांत वदवून घ्यायचं, ही त्याच्या जिभेला लागलेली सवय. ती अशी थोडीच सुटते!

आंजीच्या त्या टिनाच्या प्रार्थनाघरात जयवंताबाईची साक्ष म्हणजे ठरलेली गोष्ट. कापूस घरात आला की आभाराची उपासना व्हायची आणि ती उभी राहून हरवलेल्या बकरीची हकिगत सांगायची. दरवर्षी तीच. ज्या नव्या सुना ती ऐकून पदराआड हसल्या होत्या, त्यांचीच पोरं आता ती ऐकायला पुढे सरकून बसत.

“भावांनो, बहिनींनो, जय ख्रिस्त,” जयवंताबाई म्हणाली. आवाज खणखणीत होता. निभेल, असं मोहिनीला वाटलं. “घरधनी खाटेवर पडला होता. मी बकरी घेऊन आर्वीच्या बाजारात गेलती. विकाले. एकच बकरी होती माही. अन्...”

ती थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“बकरी होती,” ती पुन्हा म्हणाली. “अन् मंग...”

कुणीतरी खोकललं. बाहेरून एक मोटरसायकल गेली. जयवंताबाईनं पास्टरकडे पाहिलं, भिंतीवरच्या क्रुसाकडे पाहिलं, आणि बाजारात हात सुटलेल्या पोरासारखी ती वळून सुनेला शोधू लागली.

याच बाईनं मोहिनीला लग्न होऊन आल्यावर प्रार्थना शिकवली होती, चुलीपुढे बसून, एकेक ओळ म्हणून घेत. आता भरल्या मंडळीतून तिला हाताला धरून खाली बसवायचं, या विचारानंच मोहिनीला रडू आलं. डोळे पुसत ती उठली आणि पुढे गेली.

“अन् दावं सुटलं!” मागून तानबा ओरडला. तानबा मंडळीतला सगळ्यांत म्हातारा. साक्ष सुरू झाली की त्याचा डोळा लागायचा, अशी त्याची ख्याती. “गर्दीत दावं सुटलं अन् बकरी हरपली!”

“तुमी सारा बाजार पालथा घातला, जयवंताबाई,” कोकिळाबाई म्हणाली. “मिळाली नाई. रडत रडत बसमधी बसल्या.”

“आंजीच्या फाट्यावर उतरल्या अन् तिथंच गुडघे टेकले,” पुरुषांतून कुणीतरी पुढे सांगितलं. “लोकं पाहून राह्यले होते, तरी टेकले!”

साक्ष या तोंडातून त्या तोंडात चालली होती. शब्द सगळे जयवंताबाईचेच होते. हात उडवायची लकबसुद्धा तिचीच. आणि ती स्वतः पोरांसारखा आ वासून ऐकत होती. मोहिनी जवळ आली तसं तिनं मोहिनीचं मनगट घट्ट धरलं.

“मंग?” तिनं विचारलं. “सापडली का नाई थे बकरी?”

प्रश्न मोहिनीला होता. मोहिनीनं आजवर मंडळीपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं.

“सांजच्याले आर्वीची दुसरी बस आली, आई,” ती हळूच म्हणाली. मग जरा मोठ्यानं, “दार उघडलं. कंडक्टर म्हने, बाई, हे बकरी आर्वीले चढली. उतरवली तं पुन्हा चढते. ऐकतच नाई. अन् मंग...”

“बकरी उतरली!” पोरं एका सुरात ओरडली. “आपल्या पायानं!”

टिनाचं छत दणाणलं. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी हालेलूया म्हटलं.

“अन् गाभन होती!” तानबा उठून उभा राहिला. “दोन पिल्लं झाले तिले!”

“एक,” कोकिळाबाई म्हणाली.

“दोन! म्या सोता आयकलं.”

“झोपेत आयकलं असन. पहिले एकच होतं. दुसरं मांगून साक्षीत झालं.”

मंडळी खदखदून हसली. पास्टर आदेशनं तर चेहऱ्यापुढे पवित्रशास्त्रच धरलं. मोहिनीही हसत होती, आणि गालावरचं पाणी पुसायचं तिला भान नव्हतं.

जयवंताबाईनं हात वर केला. सगळे थांबले.

“पिल्लायचं मंग पाहू,” ती म्हणाली. “हरपलेली बकरी घरी आली म्हनता?”

“आली!” सगळी मंडळी म्हणाली.

जयवंताबाईनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला होता, आणि रागही आला होता थोडा.

“अन् तुमी बसून काऊन राह्यले? उठा ना! ढोलक घ्या!”