दोन लिटरची बाटली

तोंडावरची वेल्डिंगची काच वर करून तेजलने दोन लिटरची बाटली तोंडाला लावली आणि सगळ्यांदेखत घटाघटा निम्मी संपवली. मला तिचा हेवा वाटला.

वीस वर्षांपूर्वी याच शेडमध्ये वेल्डिंग करणारी मी एकटी मुलगी होते. बायकांना संडास नव्हता, म्हणून दिवसभर घोटभरही पाणी प्यायचे नाही. एकदा भोवळ येऊन पडले आणि वडिलांनी काम सोडायला लावलं.

आता इथल्या मुलींच्या सुरक्षेचा प्रकल्प मी चालवते. मालकाच्या मागे लागून संडास बांधून घ्यायला दोन वर्षं गेली. आणि ही म्हणते, "मॅडम, त्याची कडी फार घट्ट बसते."

मग तिने बाटली माझ्यापुढे धरली.

"नको. शेडमध्ये मी पाणी पीत नाही."

"का ओ? बाथरूम आहे की आता."