उताराची डावी बाजू

गावाच्या सामायिक जंगलात घाणेरी माजली होती. नवे वनरक्षक हेमकांत यांनी पैज लावली. उताराच्या डाव्या बाजूला ते तणनाशक फवारणार, उजव्या बाजूला गाव हातांनी झुडपं उपटणार. जी बाजू चांगली साफ होईल, तिचीच पद्धत पुढे सगळ्या डोंगरावर.

गावातल्या रमिलाबाईंनी लाह बोलावली, म्हणजे सगळ्यांनी मिळून काम करायला घराघरातून माणूस कुदळ घेऊन आलं. ढोलही आला. इकडे हेमकांत यांच्या पंपाचं नोझल फवारणीआधीच तुंबलं. नवं आणायला ते तळोद्याला पळाले.

दुपार कलल्यावर परतले, तर दोन्ही बाजूंना एक झुडूप उरलं नव्हतं. महूच्या सावलीत पंगत बसली होती, पण भाकरीला कुणी हात लावला नव्हता.

"अहो बाई, डावी बाजू माझी होती! आता पैजेचं काय?"

"ते तुम्ही बघा, साहेब," रमिलाबाई हसल्या. "लाहेत एकाचंही काम मागे राहिलं, तर कुणी जेवत नाही. तुमचं राहिलेलं, ते उरकलं. आता बसा पटकन, तुमच्यासाठी सगळं गाव उपाशी आहे."