बावीस वर्षांनी भात

मंजिरीने कुकर उघडला, तसे तिचे वडील केशव भुवड ओसरीवरून धावत आत आले.

“भात? अगं, बंदी आहे ना!”

खाचरात साचलेल्या पाण्यातून पृथ्वी तापवणारा वायू निघतो, म्हणून बावीस वर्षांपूर्वी भातावर बंदी आली, तेव्हा केशवरावांनी आपली खाचरं स्वतःच्या हातांनी बुजवली होती. तेव्हापासून घरात नाचणीचीच भाकरी होती.

“माझ्या वाणापुरती कालच उठली, बाबा. याला पाणी साचवावं लागत नाही.”

बारा वर्षं ती प्रयोगशाळेत याच वाणामागे लागली होती. केशवरावांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला.

“आंबेमोहोराची सर नाही याला.”

मंजिरीचा चेहरा उतरला.

त्यांनी डोळे पुसले आणि ताट पुढे केलं. “वाढ अजून. आणि आपल्या रानाला बियाणं किती लागेल, तेही सांग.”