बीकन सोडून कसं यायचं?

बीकनच्या डब्यावरचा लाल दिवा डॉटला आखूड लुकलुकायचा, डॅशला लांब. शिरूरमधल्या मच्छिंद्र आप्पांच्या गच्चीवरून हे हौशी रेडिओचं यंत्र दिवसभर मोर्समध्ये आपलं नाव-गाव सांगत राही. लहरी आज कुठवर पोचतात, ते ऐकणाऱ्यांना त्यावरून कळे.

त्यांच्या मुलीला, राजनंदिनीला मात्र त्याचा वैताग आला होता. दौंडला महेंद्रच्या घरी आमच्या लग्नाचं बोलायला चला म्हटलं, की वडिलांचं उत्तर ठरलेलं असे.

"बीकन चालू ठेवून मालकानं गाव सोडायचं न्हाई. कुणाला अडथळा झाला तर तवाच्या तवा बंद करता आलं पाहिजे. नियम हाय."

"मग बंद करून चला."

"आन् ऐकणारी माणसं खोळंबली म्हंजी?"

शेवटी आज तिनं रानातल्या विहिरीच्या मोटारीचा, फोनवरून चालू-बंद होणारा मोबाईल स्टार्टर काढून आणला आणि बीकनला जोडला.

"आप्पा, ह्या नंबरवर फोन लावा."

आप्पांनी लावला. दिवा विझला. पुन्हा लावला, तसा तो लुकलुकू लागला.

"आता दौंडात बसूनही बंद करता येईल. झाला ना नियम पुरा?"

"झाला की," म्हणत आप्पा फोनकडे बघत राहिले. "पर रानातली मोटार कशी चालू करायची?"

जिन्यात उभ्या असलेल्या आईला हसू आवरेना. "बोला, अजून कंचा नियम काढताय?"

आप्पाही हसले.

"संपले सगळे. नंदे, महेंद्रच्या वडिलांना फोन लाव. म्हणावं, पोरगा आमाला पसंत हाय, बोलणी करायला येतो."