एका नावावर एक प्रवेशिका

"बारा शब्द. तेरावा झाला की प्रवेशिका गेलीच टोपलीत," असं म्हणत तिने बोटांवर पुन्हा एकदा शब्द मोजले.

टेबलाच्या पलीकडे नवरा डोळ्याला भिंग लावून एक मनगटी घड्याळ उघडून बसला होता. घरीच दुरुस्तीची कामं करायचा तो. त्याने मान वर केली नाही.

वाक्य धुण्याच्या पावडरीचं होतं. 'मला ही पावडर आवडते, कारण...' एवढं छापलेलं, पुढचं स्पर्धकाने भरायचं. सोबत तीन कुपनं. या कुपनांपायी घरात इतकी पावडर साठली होती की अख्ख्या गल्लीचे कपडे वर्षभर धुऊन निघाले असते. वाणी तर तिला बघितलं की आपणहून कात्री पुढे करायचा.

थट्टा सोडा, पण बाई या कामात चांगलीच मुरलेली होती. आधी बारीक अक्षरांतले नियम वाचायचे, मग कोडं. पहिल्या गर्दीत पाठवायचं नाही आणि शेवटच्या दिवसावर ढकलायचं नाही. अक्षर असं काढायचं की परीक्षकाला चष्मा पुसावा लागू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका नावावर एकच प्रवेशिका. दुसरी आली की दोन्ही बाद. हे सगळं तिला लेकीने शिकवलं होतं. लेकीला शाळेपासून स्पर्धांचं वेड. कंपासपेटी, छत्री, एकदा तर चक्क इस्त्री जिंकली होती पोरीने.

तिने नावाच्या जागी लेकीचं नाव लिहिलं. जन्मतारीख लेकीची. सहीसुद्धा लेकीसारखीच केली, शेवटी लांब शेपूट ओढून.

"अजून किती वर्षं?" नवऱ्याने विचारलं.

"या वेळी नक्की लागेल बघा. विजेत्यांची यादी पेपरात छापणार आहेत."

"मी बक्षिसाचं विचारत नाहीये."

नऊ वर्षं झाली होती. लग्नावरून बापलेकीचं कडाक्याचं वाजलं, "पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं तो म्हणाला आणि ती तशीच निघून गेली. त्याच दुपारी नदीत नाव उलटली. लेकीची पिशवी सापडली, लेक सापडली नाही. अशी एक मुलगी नावेत चढताना पाहिली होती, असं दोघातिघांनी सांगितलं.

पोर गेली, हे मनातून आईलाही ठाऊक होतं. पण यादीत ते नाव छापून आलं की तेवढ्या दिवसापुरती पोर कुठेतरी आहे, असं तिला वाटायचं. मागे दंतमंजनाचं बक्षीस आलं तेव्हा पोस्टमनने विचारलं होतं, "ताई आहेत का घरात? त्यांची सही लागेल." ती बोलून गेली, "आंघोळ करतेय." पोस्टमन गेल्यावर न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला. तिने धावत जाऊन दार ढकललं. बादली पालथी होती आणि फरशी कोरडी ठणठणीत. 

नवऱ्याने खणातून एक अर्ज काढून तिच्यापुढे ठेवला. लेकीला कायद्याने मृत ठरवावं, असा अर्ज. त्याची सही झालेली होती, आईची बाकी होती.

"नाही," ती म्हणाली.

"बरं, असं कर. ही शेवटची स्पर्धा. नाव लागलं तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही लागलं तर सही करायची."

 तिने पाकिटाला डिंक लावला. "चालेल," ती म्हणाली.

दीड महिन्याने कंपनीचं पाकीट आलं. चांगलं जाडजूड. तिने ते उंबऱ्यातच फोडलं. कागद टाचणीने एकत्र लावलेले होते, सगळ्यात वर टाइप केलेलं पत्र. 'एकाच नावाने व जन्मतारखेने एकाहून अधिक प्रवेशिका आल्यामुळे नियमानुसार सर्व बाद करण्यात आल्या आहेत. प्रवेशिका सोबत परत पाठवत आहोत.'

"असं कसं? मी एकच पाठवली होती हो!"

नवऱ्याने डोळ्याचं भिंग काढलं. "दुसरी मी पाठवली."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही? बाद व्हावी म्हणून?"

"नियम तूच तर उठताबसता ऐकवतेस. अगं, नाव लागलं असतं तर तू अजून नऊ वर्षं हेच करत बसली असतीस." त्याने भिंग टेबलावर ठेवलं. "मी घालवलं तिला. मला एकदा मोकळेपणाने रडायचंय गं. तू रोज तिला जिवंत करतेस, मी रडू कधी?"

केसासारख्या बारीक स्प्रिंगा चिमट्याने उचलणारे त्याचे हात थरथरत होते. नऊ वर्षांत तिने ते तसे कधी पाहिले नव्हते. तिचा राग जागच्या जागी विरला. आपण एकट्याच जळतोय असं ती समजत होती, याची तिला लाज वाटली.

"द्या तो अर्ज," ती म्हणाली.

या वेळी तिने स्वतःच्या नावाने सही केली. नवरा टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, डोळे पुसले आणि कंपनीचं पाकीट कचऱ्यात टाकायला उचललं. टाचणी कुणाच्या हाताला लागायला नको म्हणून ती आधी उपसून काढली.

पत्राखाली तिची प्रवेशिका होती, तिच्याखाली नवऱ्याची. आणि त्याखाली आणखी एक, तेच नाव, तीच जन्मतारीख, पण पत्ता अशा एका लांबच्या गावाचा, जिथे या दोघांनी कधी पाऊलही ठेवलं नव्हतं.