वेचलेले दाणे

सुपातल्या रेशनच्या तांदळातून ठकूमावशीने पिवळसर दाणे एकेक करून वेचले आणि वाटीत टाकले. "प्लास्टिक आहे हे. माझ्या ताटात काय वाढायचं, ते आता सरकार ठरवणार होय गं?"

आरोग्य केंद्राची आशाताई पायरीवर टेकली. "प्लास्टिक नाही मावशी, त्यात लोह घातलंय. तुमच्या अंगात रक्त कमी आहे." दर मंगळवारी ती हेच सांगायची आणि मावशी चहा पाजून तासभर भांडायची. आशाताई गेली की मावशी वाटीतले दाणे मुकाट्याने भाताच्या आधणात सोडायची. लेकाचा फोन सणासुदीला यायचा. एरवी बोलायला एक कोंबडी होती.

"आज भांडू नका, जिंकलात तुम्ही!" आशाताई हसली. "पुढच्या महिन्यापासून साधाच तांदूळ येणार. माझीही पायपीट वाचली."

मावशीचा हात सुपातच थबकला. "असं कसं? बंद करताना मला कोणी विचारलं?"

आशाताई चपला घालू लागली. मावशी लगबगीने आत गेली आणि मिठाचा पुडा आणून तिच्यापुढे आपटला.

"आणि ह्या मिठात सरकारनं काय कालवलंय, ते कोण सांगणार? बस खाली. चहा टाकते."